मेलेल्या माणसाचा ओटीपी कुठून आणू?

माननीय मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

गेल्या सोमवारी बाबांची वेबसाइट उघडली, तर तिथे ऑनलाइन जुगाराची जाहिरात.

बाबा मे 2021 मध्ये कोरोनात गेले. निवृत्तीनंतर बारा वर्षं भंडारा, गोंदिया, गडचिरोलीची गावं पालथी घालून त्यांनी आपल्या बोलीतले शब्द तिथे गोळा केले होते. सांभार म्हणजे कोथिंबीर, भेदरं म्हणजे टोमॅटो, टोंगळा म्हणजे गुडघा. 'टोंगळा'खाली आजीचा आवाज होता: "टोंगळे लय दुखून राह्यले रे बाप्पा." मागे भांडं पडल्याचा आवाज, आणि मग तिचं हसू. आजीही आता नाही. घरच्या कॉम्प्युटरमधली प्रत 23 सप्टेंबर 2023 च्या पुरात गेली. अंबाझरी तलावाचं पाणी घरात कमरेइतकं होतं. वेबसाइट चालू आहे म्हणून मी निर्धास्त राहिले.

बाबांनी पाच वर्षांचे पैसे आधीच भरले होते. ती मुदत संपत आली तेव्हा पुढचे मी भरायला तयार होते. कंपनी म्हणाली, ओटीपी खातेदाराच्याच मोबाइलवर जाईल. तो नंबर केव्हाच बंद पडून भलत्याच माणसाकडे गेलाय. मृत्यूचा दाखला दिला, तर म्हणे कोर्टाचं वारस प्रमाणपत्र आणा. तुमच्या कार्यालयात तीनदा अर्ज दिला. "पंधरा दिवसांत कळवतो" हे तिन्ही वेळा ऐकलं. तोवर वेबसाइटचं नाव दुसऱ्याने विकत घेतलं होतं.

साहेब, पुस्तक छापलं की 30 दिवसांत त्याची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यावी लागते, असा कायदा 1954 पासून आहे. नेटवर लिहिलेल्या मराठीसाठी काय आहे? ब्रिटनने 2013 मध्येच वेबसाइट जपण्याचं काम कायद्याने ग्रंथालयांकडे दिलं. बाबांच्या लिखाणावर त्यांच्यामागे 60 वर्षं आमचा हक्क, असं 1957 चा कॉपीराइट कायदा सांगतो. लिखाणच पुसलं गेल्यावर तो हक्क घेऊन मी काय करू? बाबांची थोडी पानं सापडली ती अमेरिकेतल्या इंटरनेट आर्काइव्हवर. आवाजाची फाइल तिथेही नाही. परक्या देशातल्या संस्थेने जेवढं जपलं, तेवढंही माझ्या सरकारने जपलं नाही, याचा मला संताप येतो.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठी अभिजात झाली, भाषणं झाली. लीळाचरित्राची मूळ पोथी लुटीत गेली तेव्हा अनुयायांनी ते आठवून आठवून पुन्हा लिहिलं, असं महानुभाव परंपरा सांगते. शब्द मीही आठवून लिहीन. आजीचा आवाज कसा लिहू?

बाबा गेल्यापासून बँक, वीज, घरटॅक्स, जिथे गेले तिथे मेलेल्या माणसाचीच सही मागितली. पाच वर्षं हेच चाललंय. जिवंतपणी रांगेत उभं करता, मेल्यावर तरी सोडा!

मृत्यूचा दाखला आणि घरच्या माणसाची सही, एवढ्यावर वेबसाइट चालू ठेवता आली पाहिजे. मराठी वेबसाइटची एक प्रत सरकारी ग्रंथालयात राहिली पाहिजे. हिवाळी अधिवेशनाला नागपुरात याल तेव्हा दहा मिनिटं द्या. पुरात भिजलेल्या बाबांच्या चार वह्या वाळवून ठेवल्यात, त्या घेऊन येते.

आपली,
शब्द गोळा करणाऱ्या एका बापाची थोरली मुलगी
नागपूर