नाण्यांची बरणी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन महिना झाला. मुलीला सूक्ष्म अर्थशास्त्रात पीएचडी करायची आहे म्हणतोस आणि विचारतोस, की तीस वर्षं लिलावांचा अभ्यास करून तुझ्या हाती काय लागलं? दोनदा उत्तर लिहिलं आणि फाडलं. आज जसं सुचेल तसं लिहितो.

मला या विषयाची ओढ लागली ती अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी यांच्या १९६१ च्या एका पेपरमुळे. त्यात लिलावाची एक पद्धत आहे. बोल्या बंद पाकिटातून येतात. वस्तू सर्वांत मोठ्या बोलीला मिळते, पण पैसे मोजायचे ते दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकेच. समज, एखादी वस्तू तुझ्या लेखी शंभराची आहे. तू नव्वद लिहिलेस आणि दुसऱ्याने पंच्याण्णव, तर पाचाचा फायदा हातचा गेला. एकशेदहा लिहिलेस आणि दुसऱ्याने एकशेपाच, तर वस्तू मिळते पण पाच गमावून. शंभरच लिहिण्यात कधीच नुकसान नाही. खरं बोलण्याची भीती घालवणारा नियम कागदावर मांडता येतो, हे वाचून त्या रात्री मला झोप लागली नाही. विकरींना १९९६ साली नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांनी ते गेले. ती बातमी ऐकून मी दिवसभर काही लिहू शकलो नव्हतो.

पण नियम सुंदर आहे म्हणून तो कुठेही चालतो असं नाही. न्यूझीलंडने १९९० मध्ये रेडिओलहरींचे परवाने याच पद्धतीने विकले. एकाने एक लाख डॉलरची बोली लावली आणि दुसरी बोली सहा डॉलरची असल्यामुळे त्याला सहाच डॉलर भरावे लागले! गणित बरोबर होतं. बोली लावणारे मोजके आणि राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विकायचंच नाही ती किंमत, ठेवलेलीच नाही, तिथे घोटाळा झाला. गृहीतकं प्रत्यक्षाशी ताडून पाहायची सवय मला या उदाहरणाने लागली.

दर वर्षी पहिल्या तासाला मी काचेची एक बरणी नाण्यांनी भरून वर्गात नेतो. मोजायची परवानगी नाही; हातात घ्या, हलवा, वजनाचा अंदाज घ्या आणि आतल्या रकमेसाठी चिठ्ठीवर बोली लिहा. बहुतेक वेळा बोल्यांची सरासरी खऱ्या रकमेपेक्षा कमीच भरते, तरी जिंकणारा तोट्यात जातो. कारण ज्याचा अंदाज सगळ्यांत फुगलेला, तोच जिंकतो. समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या बोल्यांत हेच घडतं, असं तीन अभियंत्यांनी १९७१ मध्ये लिहिलं होतं. आम्ही याला विजेत्याचा शाप म्हणतो. नाणी मोजून झाली की वर्गात जी शांतता पसरते, तिच्यासाठी मी शिकवत आलो.

आता जे कुणाला फारसं सांगितलं नाही ते. बोलीदारांच्या खिशाला मर्यादा असेल तर काय होतं, यावर माझा एक पेपर होता. चार वर्षांचं काम. छापायला जाण्याआधी एका विद्यार्थिनीने दारात उभं राहून हळूच विचारलं, "सर, या लेमात एकाच आकड्यावर अनेकांच्या बोल्या येणारच नाहीत, हे कशावरून?" लेमा म्हणजे मुख्य सिद्धतेला आधार देणारं छोटं विधान. त्यात मी ते गृहीतच धरलं होतं. खिसा संपला की माणसं त्याच आकड्याशी येऊन थांबतात, हे तिला दिसलं, मला दिसलं नव्हतं. पेपर मागे घेतला. पुढचं दीड वर्ष ती सिद्धता नव्याने उभी करण्यात गेलं. त्या दीड वर्षात जे शिकलो ते आधीच्या चार वर्षांत शिकलो नव्हतो.

अमेरिकेतल्या १९९४ च्या रेडिओलहरींच्या परवाना लिलावाचे नियम रचण्यात वाटा असलेल्या पॉल मिलग्रोम आणि रॉबर्ट विल्सन यांना २०२० मध्ये नोबेल मिळालं, तेव्हा पुष्कळांना वाटलं की आता हा विषय संपला. मला तसं वाटत नाही. वस्तू अनेक असल्या आणि एकीची किंमत दुसरीवर अवलंबून असली, की आजही आम्ही चाचपडतो.

मुलीला हे पत्र वाचायला दे. वर्षानुवर्षं एकाच गृहीतकाशी झटायची तयारी असेल तर तिने नक्की यावं. तिला घेऊन ये. बरणी टेबलावरच आहे. आधी ती बोली लिहील, मग तू.

तुझाच,
जुना मित्र