वेणी संध्याकाळी घालायला सुचवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सादर नमस्कार, वि. वि.

पत्रास कारण असे की, जे समोरासमोर सांगायला लागले की तुम्ही "पुरे गं" म्हणून विषय बदलता, ते एकदा सविस्तर लिहून काढायचे मी फार दिवसांपासून मनात धरले होते. हे पत्र तुमची परवानगी घेऊनच मी उघडपणे लिहीत आहे, कारण ज्या घरात एखादे दुखणे कायमचे मुक्कामाला आले आहे, त्या घरातल्या माणसांना तुम्ही केलेल्या साध्या साध्या गोष्टींचा उपयोग होईल असे मला मनापासून वाटते.

आमवाताचे, म्हणजे रुमेटॉइड आर्थरायटिसचे, निदान झाले तेव्हा मी ३४ वर्षांची होते आणि लेक ६ वर्षांची. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये दोन ते तीन पट अधिक आढळतो आणि तो पूर्ण बरा होत नसला तरी औषधांनी आटोक्यात ठेवता येतो, इतके डॉक्टरांनी मला नीट समजावले होते. मात्र बाहेरून काहीच दिसत नसताना ते घराला कसे समजवायचे, हे मला कुणी सांगितले नव्हते. सकाळी दोन-दोन तास माझी मूठ वळत नसे आणि दुपारपर्यंत मीच हिंडती-फिरती होत असे, त्यामुळे सकाळचे दुखणे म्हणजे निव्वळ निमित्त वाटावे अशी परिस्थिती आपोआप तयार होई. तुमच्या भावाने तसे कधी बोलून दाखवले नाही. त्याने मुकाट्याने सगळी कामे अंगावर ओढून घेतली, आणि त्या मुकेपणाने आमच्यात जे अंतर पडत गेले ते मला सांध्यांच्या ठणक्यापेक्षा अधिक सलत होते.

मेथोट्रेक्सेट हे आमवाताचे औषध सुरू झाले आणि त्याचा गुण दिसायला सहा ते बारा आठवडे लागतील असे कळले, तेव्हा तुम्ही दीड महिन्याची रजा काढून आमच्याकडे आलात. तुम्ही आता सगळे घर हातात घ्याल आणि मला पडून राहायला सांगाल, असे मी धरून चालले होते. तुम्ही आधी माझ्याबरोबर दवाखान्यात आलात, डॉक्टरांना तुमचे प्रश्न विचारलेत आणि घरी येऊन पहिल्यांदा आईंजवळ बसलात. "गुडघे तर माझेही दुखतात, म्हणून मी काय अंथरूण धरलं का?" हे त्यांचे वाक्य मला रोज ऐकू येत असे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. तुम्ही त्यांना शांतपणे म्हणालात, "आई, तुझे गुडघे वयाने झिजले आहेत. सकाळी उठलीस की दहा-पंधरा मिनिटांत ते मोकळे होतात. हिची बोटं दोन तास मोकळी होत नाहीत, कारण आत सूज आहे. दोन्ही दुखणी खरी आहेत, पण ती एक नव्हेत." आईंच्या दुखण्याला कमी न लेखता तुम्ही माझ्या दुखण्याला या घरात जागा करून दिलीत, आणि त्या दिवसानंतर त्यांनी ते वाक्य पुन्हा उच्चारले नाही.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि चुकून रोज घेतले गेले तर जिवावर बेतू शकते, हे ऐकताच तुम्ही डबीवर मोठ्या अक्षरांत 'शनिवार' असे लिहिलेत. गोळीच्या दुसऱ्या दिवशी मला मळमळ होते आणि अंगातले त्राण जाते हे लक्षात आल्यावर रविवारी कुणाला घरी बोलवायचे नाही, असे तुम्ही सगळ्यांच्या संमतीने ठरवलेत. तोवर प्रत्येक रविवारी माझ्यामुळे काहीतरी मोडत असे. त्यानंतर मोडण्यासारखे काही ठरवलेलेच नसे. कुणाचा हिरमोड न होता आजाराला घराच्या वेळापत्रकात बसवता येते, हे मला तेव्हा प्रथम कळले.

पण ताई, या पत्राचे खरे कारण वेणी हे आहे. शाळेच्या घाईत लेकीची वेणी घालताना माझ्या हातातून पेड सुटत, रबर ताणता येत नसे, ती रडवेली होई आणि शेवटी तिचे बाबा कसेबसे केस बांधून देत. तुम्ही आल्यावर वेणीचे काम तुमच्याकडे जाणार हे मी गृहीत धरले होते, आणि खरे सांगायचे तर त्याची मला धास्ती वाटत होती, कारण तेवढे एकच काम अजून माझे म्हणून उरले होते. तुम्ही चार दिवस नुसते पाहिलेत आणि मग म्हणालात, "वेणी सकाळीच घालायची असं कुठे लिहिलंय? तुझे हात संध्याकाळी चांगले असतात. रात्री घट्ट वेणी घालून झोपू दे तिला." त्या संध्याकाळी तुम्ही मला खुर्चीवर बसवलेत, माझ्या कोपरांखाली उशा दिल्यात, लेकीला माझ्या पुढ्यात जमिनीवर बसवलेत, रबराच्या जागी कापडाचा रुंद पट्टा आणलात आणि स्वतः उठून आतल्या खोलीत निघून गेलात. मला तुमचा रागच आला. मनगट वळवले की कळ येत होती, अंगठ्याने पेड दाबून धरता येत नव्हता, म्हणून मी तो दोन बोटांच्या बेचक्यात धरून पुढे सरकवत गेले. अर्धा तास लागला. एक वेणी जाड आणि दुसरी बारीक झाली. लेकीने हात मागे नेऊन दोन्ही चाचपल्या आणि म्हणाली, "आईचीच आहे, कळतंय." आजारी माणसाच्या हातातले सगळेच काम काढून घेण्यात माया असते हे मला मान्य आहे, परंतु त्या मायेने ते माणूस आपल्याच घरात पाहुणे होऊन बसते. तुम्ही आत निघून गेलात म्हणून मी आई राहिले.

तुमच्या भावालाही तुम्ही माझ्यादेखत सांगितलेत, "मदत हवी का, हे तिला विचार, हवीच आहे असं धरून चालू नकोस. आणि तू दमलास की तेही सांग, नाहीतर तुझं दमणं तिला राग वाटतं." त्या रात्री आम्ही दोघे कितीतरी महिन्यांनी बोलत बसलो. झोपेत धक्का लागून मला दुखेल या भीतीने तो पलंगाच्या कडेला सरकून झोपत होता आणि मी त्याचा अर्थ भलताच लावला होता, हे दोघांनाही तेव्हा कळले.

दुसऱ्या मुलाविषयी मी थोडक्यातच लिहिते. हे औषध गरोदरपणात चालत नाही, ते आधीच बंद करावे लागते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे बदलून सुखरूप बाळंतपण झालेल्या अनेक स्त्रिया आहेत, हेही आम्हाला माहीत होते. आम्ही दोघांनी विचारपूर्वक एकाच मुलीवर थांबायचे ठरवले. नातेवाइकांनी आडून आडून विचारायला सुरुवात केली तेव्हा "तो त्या दोघांचा निर्णय आहे आणि मला तो ठाऊक आहे," एवढे म्हणून तुम्ही विषय संपवलात. कारणे सांगत बसला नाहीत, याबद्दल मी तुमची विशेष ऋणी आहे.

दर थोड्या दिवसांनी रक्त तपासणे आजही चुकलेले नाही. मधूनच आजार उसळी घेतो आणि ठरवलेले बरेच काही राहून जाते. मात्र तुम्ही रोज सकाळी दारातून विचारत होता तो प्रश्न, "हात उठले का?", या घरात कायमचा राहिला आहे. "कशी आहेस?" याला मी सवयीने "बरी आहे" म्हणत असे, हातांविषयी विचारले की खरे सांगता येते. "अजून नाही" असे मी म्हटले की पुढची कामे कुणी कशी वाटून घ्यायची हे ज्याचे त्याला कळते. लेक आता १३ वर्षांची आहे, स्वतःची वेणी स्वतः घालते, पण परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी कंगवा घेऊन माझ्या पुढ्यात येऊन बसते.

परवा आईंचे गुडघे फार धरले होते. मी त्यांच्या खोलीत जाऊन विचारले, "आई, गुडघे उठले का?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तिला लिही, तिचा प्रश्न आता माझ्याही वाट्याला आलाय." तेव्हा त्यांचा निरोप कळवत आहे. या सुट्टीत अवश्य यावे. या खेपेला तुमची वेणी मी घालणार आहे.

तुमची,
भावजय