बाबांसाठी आलेल्या तुम्हां सर्वांचे आभार

बाबा १९६४ साली अलिबागजवळचं घर सोडून इस्रायलला, नेगेवच्या वाळवंटातल्या दिमोनाला आले. समुद्राकाठी वाढलेला माणूस, आणि समोर नुसती वाळू! कापडगिरणीत त्यांनी आयुष्यभर पाळ्या केल्या. रात्रपाळीहून आले तरी आम्हां चौघांना शाळेत सोडूनच झोपायचे. हिब्रू कामापुरती शिकले. रागावणं, लाड करणं मात्र शेवटपर्यंत मराठीतच.

ते गेले तेव्हा आम्हाला काही सुचत नव्हतं. शिवाच्या, म्हणजे आम्हां ज्यूंच्या सुतकाच्या, सातही दिवसांत कद्दिशसाठी, म्हणजे गेलेल्या माणसासाठीच्या प्रार्थनेसाठी, लागणारे दहा पुरुष रोज जमले. त्यांतल्या कितीतरी जणांना मी ओळखतही नव्हते. दफनविधीहून परतलो तर उकडलेली अंडी आणि पाव टेबलावर तयार होते. ते कुणी ठेवले? आईला रोज सकाळी चहा कोण पाजत होतं? इस्पितळात रात्री बाबांचा हात धरून बसलेल्या नर्सताई, तुमचं नाव विचारायचंच राहिलं. तुमचे उपकार कसे फेडू?

आठव्या दिवशी दाराशी एक डबा होता. नारळाच्या रसातली माशांची आमटी, बाबांना आवडायची अगदी तशीच. आई ती चाखून पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

डबा धुऊन ठेवलाय. ज्यांचा असेल त्यांनी कळवा. आई तो रिकामा परत देणार नाही.