नाण्यांच्या दुर्मीळ प्रकारांचे सेट रजिस्ट्रीतील चुकीचे वर्गीकरण: तक्रार

मडगाव, गोवा

प्रति,
प्रमुख, सेट रजिस्ट्री विभाग

विषय: व्हरायटीचे (साच्यातील फरकामुळे पडलेल्या नाण्याच्या प्रकारांचे) स्लॉट व गुण दुरुस्त करण्याबाबत

महोदय,

तुमची कंपनी नाण्यांची प्रत ठरवते आणि सेट रजिस्ट्रीत संग्राहकांच्या संचांची गुणांनुसार क्रमवारी लावते. आमच्या गटातील सभासदांची नाणी तुमच्या ब्रिटिश भारत, पोर्तुगीज भारत आणि प्रजासत्ताक भारत या तिन्ही सेटमध्ये नोंदलेली आहेत. ग्रेडबद्दल, म्हणजे नाण्याच्या प्रतीबद्दल, आमचे काही म्हणणे नाही. कोणते नाणे सेटमधल्या कोणत्या ठरलेल्या जागेत (स्लॉटमध्ये) जाते याचे नियम मात्र चुकीचे आहेत, आणि त्यामुळे क्रमवारीवर विश्वास ठेवता येत नाही.

सर्वांत मोठा घोळ व्हिक्टोरिया राणीच्या १८६२ च्या रुपयाचा. हेच साल १८७४ पर्यंत नाण्यावर छापले जात राहिले, तरी तुमच्याकडे त्याला एकच स्लॉट आहे. राणीच्या अर्धपुतळ्याचे वेगवेगळे साचे आहेत. मागच्या बाजूच्या एका प्रकारात वरचे फूल मोठे, आणि वेटोळ्यावरच्या दोन मोठ्या पाकळ्या लांब व खाली वळलेल्या. दुसऱ्यात फूल लहान, पाकळ्या आखूड व आडव्या. शिवाय मुंबई टांकसाळीच्या नाण्यांवर ठिपके येतात. ते नाणे पाडल्याचे वर्ष दाखवतात, असे जाणकार मानतात. ठिपक्यांच्या काही जोड्या शोधूनही सापडत नाहीत, बिनठिपक्याचा रुपया मात्र सहज मिळतो. तुमच्या रजिस्ट्रीत दोन्हींना गुण सारखेच.

ठिपका ओळखायला दहा पट भिंग आणि बाजूने येणारा तिरपा उजेड पुरतो. खरा ठिपका गोल, कडेला स्वच्छ, आणि त्याच साच्यातून निघालेल्या दुसऱ्या नाण्यावरही नेमका त्याच जागी. साच्याचा टवका उडून आलेला उंचवटा वेडावाकडा असतो आणि साचा वापरात राहील तसा तो वाढत जातो. तुमच्या एका स्लॅबच्या (नाणे बंद केलेल्या प्लास्टिकच्या डबीच्या) लेबलवर असाच टवका ठिपका म्हणून मोजला गेला आहे. फोटो सोबत जोडला आहे.

१९११ च्या रुपयाला तुम्ही 'साधा' आणि 'डुक्कर' असे दोन स्लॉट ठेवले आहेत. पंचम जॉर्ज राजाच्या वस्त्रावरील मानचिन्हातला हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि १९१२ पासून तो सुधारला. १९११ चे सगळेच रुपये त्या जुन्या साच्याचे आहेत. 'साधा' १९११ हा स्लॉट कुणीच भरू शकणार नाही, म्हणजे तो सेट कधीच पूर्ण होणार नाही.

पोर्तुगीज भारताच्या १९१२ च्या रुपियात (तिथल्या रुपयात) साच्यातल्या १९११ वर १९१२ कोरलेला प्रकार आहे. गोव्याच्या संग्राहकाला तो हवाच असतो, म्हणून इथली चूक आम्हाला विशेष लागते. नाणे पाडताना, आघाताच्या वेळी, साचा हलला की अंकाला दुहेरी कड येते. ही कड सपाट, पायरीसारखी असते आणि मूळ अंकाची जाडी कमी करते. खऱ्या प्रकारात २ च्या मागे १ च्या दांडीचा अवशेष उठावात असतो, आणि २ ची जाडी मुळीच घटत नाही. साचा हलल्याने दुहेरी झालेल्या नाण्यांनाही तुम्ही हाच स्लॉट दिला आहे.

प्रजासत्ताकाच्या नाण्यांत मुंबईची खूण पत्त्यांतल्यासारखी चौकट, हैदराबादची तारा, नोएडाची ठिपका. कोलकात्याची काहीच नाही. साच्यात ग्रीस किंवा कचरा साचला की खूण उमटत नाही किंवा पुसट येते. ती व्हरायटी नव्हे, त्या आघातापुरता दोष आहे. साच्यात मुद्दाम किंवा चुकून कोरलेला फरक, साच्याची झीज वा भेग, आणि एखाद्याच नाण्याला आलेला दोष हे तीन प्रकार वेगळे ठेवावेत. व्हरायटीचे गुण फक्त पहिल्याला द्यावेत.

आमच्या मागण्या अशा: १८६२ चे स्लॉट पुतळा, फूल आणि ठिपके या क्रमाने फोडावेत. १९११ चा 'साधा' स्लॉट काढावा. प्रत्येक व्हरायटीला खुणेच्या जागेचा मोठा फोटो द्यावा. तुमच्याच लेबलवर व्हरायटी चुकली असेल तर फेरतपासणी, नवे लेबल आणि दोन्ही वेळचा विमा उतरवलेल्या पार्सलचा खर्च कंपनीने सोसावा. आज आमच्याकडून व्हरायटी नोंदीची वेगळी फी घेतली जाते, आणि चूक तुमची असली तरी ती पुन्हा भरावी लागते. नियम बदलल्यावर जुन्या सेटचे गुणही नव्याने मोजावेत.

तीस दिवसांत लेखी उत्तर मिळाले नाही तर ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.

आपले,
मडगाव व फोंडा येथील नाणेसंग्राहक

सोबत: स्लॅबची छायाचित्रे व फी भरल्याच्या पावत्या