लॅमिंग्टन रोडच्या दादांना

दादा,

सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून घेत नाही. पण माझा बंद पडलेला कॉम्प्युटर आणि त्यातलं सगळं काम वाचवलंत, त्याचे आभार मात्र चारचौघांत मानणार आहे.

मी लालबागला घरातूनच डीटीपी करते. लग्नपत्रिका, सोसायट्यांची परिपत्रकं, आणि श्रावण लागला की मंडळांचे अहवाल. २०२५ च्या श्रावणात विंडोजचं अपडेट चालू असताना आमच्या चाळीच्या मीटरपेटीत पाणी शिरलं आणि वीज गेली. यूपीएसची बॅटरी आधीच उतरलेली. तासाभराने वीज आली, कॉम्प्युटर काही आला नाही. निळा पडदा, मग ‘प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर’, मग आपोआप बंद, पुन्हा चालू, पुन्हा तेच. मध्यरात्रीपर्यंत मी ते फिरणारे ठिपके बघत बसले होते.

सकाळी जवळच्या एका दुकानात नेला. दोन मिनिटं बघून सांगितलं, “फॉरमॅट मारावा लागेल. डेटा जाईल. संध्याकाळी घेऊन जा.” मी सीपीयू तसाच उचलला, पदरानं झाकला आणि टॅक्सीनं ग्रँट रोडला आले. तिथे चार जणांना विचारत तुमच्या जिन्याखालच्या दुकानापर्यंत पोचले.

तुम्ही स्क्रू काढण्याआधी विचारलंत, “ताई, यात तुमचं काय काय आहे?” हा प्रश्न मला तोवर कोणीच विचारला नव्हता. मी सांगत गेले. तीन मंडळांचे अहवाल, बारा वर्षांच्या पत्रिका, आणि आमच्या चाळीतल्या एका आजोबांच्या आठवणी. आजोबा गिरणीत होते. १९८२ च्या संपाचे दिवस त्यांनी दोन वह्यांमध्ये लिहून ठेवले होते. त्या मी टाइप केल्या आणि पुढच्याच पावसात वह्या भिजून लगदा झाल्या. राहिली ती फक्त माझ्याकडची फाइल, १४२ पानं, आणि तिची दुसरी प्रत कुठेही नव्हती. तुम्ही हे सगळं एका जुन्या बिलाच्या पाठीवर पेन्सिलनं लिहून घेतलंत आणि खाली तीन शब्दांची उतरंड केलीत: डेटा, डिस्क, विंडोज. म्हणालात, “या क्रमानं जायचं. उलटं गेलो तर फसतो.”

मग पेनड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली, चालू केलंत. माझ्या हार्डडिस्कवर काहीही न लिहिता आतलं सगळं दिसायला लागलं. चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन, आधी का नाही चालवत, असं मी विचारलं, कारण रात्री मोबाइलवर तेच वाचलं होतं. डिस्क मरायला टेकली असेल तर ती तासन्‌तासांची तपासणीच तिला संपवते, आणि फाइलींचा हिशोब नीट लावताना चेकडिस्क कधी कधी अर्धवट फाइली कापूनही टाकतं, म्हणून आधी सगळं बाहेर काढायचं, हे तुम्ही काम न थांबवता सांगितलंत. हे आजही कितीतरी घरांत माहीत नाही, म्हणून इथे लिहितेय.

कॉपी झाल्यावर तुम्ही “झालं” म्हणून मोकळे झाला नाहीत. तुमच्या मशीनवर फाइल उघडून मला दाखवलीत. वर्गणीदारांची यादी उघडली आणि पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा. माझे हातपाय गार पडले. तुम्ही शांतपणे विचारलंत, “फॉन्ट युनिकोड नाही ना?” नव्हताच. युनिकोड असता तर मराठी कुठल्याही मशीनवर मराठीच दिसलं असतं. आमच्या धंद्यात अजून जुन्या फॉन्टमधलं काम पुष्कळ आहे आणि तो फॉन्ट मशीनवर नसला की मराठीचं असं होतं. तुम्ही परत लिनक्समध्ये गेलात, विंडोजच्या फोल्डरमधून माझे सगळे फॉन्ट उचललेत, तुमच्या मशीनवर टाकलेत आणि फाइल पुन्हा उघडलीत. पहिल्या ओळीत ‘श्री’ आलं. त्याखाली नावं, एकामागून एक. कंट्रोल-सी करणारे खूप भेटतात दादा. कॉपी केलेलं वाचता येतंय का, हे गिऱ्हाइकाला बसवून बघणारे तुम्हीच.

डिस्कची तब्येत बरी निघाली. त्यानंतर चेकडिस्क झालं. मग विंडोजच्या पेनड्राइव्हवरून रिपेअरमध्ये शिरून तुम्ही काळी कमांडची खिडकी उघडलीत. तिथे माझा सी ड्राइव्ह डी म्हणून दिसत होता. रिकव्हरीत अक्षरं बदलतात, न बघता कमांड मारली तर भलत्याच ठिकाणी लागते, हे मला तिथे कळलं. मग विंडोजचीच डागडुजी करणाऱ्या डिझमची ती कमांड, अर्धवट राहिलेलं अपडेट मागे घेणारी, रिव्हर्ट पेंडिंग अ‍ॅक्शन्स. मग विंडोजच्या स्वतःच्या फाइली तपासणारं एसएफसी. रीस्टार्ट केलंत, आणि माझं डेस्कटॉप समोर आलं, कोपऱ्यात गणपतीचा फोटो, जसा होता तसा.

मी रडले, तुम्ही चहा मागवलात.

विंडोज चालू झाल्यावरही तुम्ही सोडलं नाहीत. इंटरनेट जोडून डिझम रिस्टोअर हेल्थ लावलंत. आकडा ६२ टक्क्यांवर अडला तेव्हा मी उठून उभी राहिले. “हात लावू नका, ते तिथे थांबतंच,” म्हणालात. मग परत एसएफसी. परत कशाला, असं विचारल्यावर सांगितलंत की एसएफसी बिघडलेली फाइल विंडोजनं स्वतःजवळ ठेवलेल्या चांगल्या प्रतीशी ताडून बघतं, आणि ती प्रतच नासली असेल तर डिझमनं आधी तिला बरं करायचं. मी आयुष्यभर प्रुफं तपासली आहेत. मूळ हस्तलिखितातच चूक असेल तर ताडून काय उपयोग! ते मला एका वाक्यात समजलं.

आणि रात्री मी मोबाइलवरून शोधलेलं ते ‘एका क्लिकमध्ये सगळं दुरुस्त’ करणारं फुकटचं सॉफ्टवेअर? ते दाखवल्यावर तुमचा चेहरा पहिल्यांदा कडक झाला. ही सगळी साधनं विंडोजच्या आतच असतात, बाहेरून आणलेल्याला रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत, हात घालू द्यायचा नाही, एवढंच बोललात. तेव्हापासून माझ्या ओळखीच्या तीन टायपिंगवाल्या बायकांना मी हे सांगितलंय.

पैसे तुम्ही पाचशे घेतलेत. मी जास्त देत होते, नाही घेतलेत. वर विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी सुरक्षेची अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार आहे, माझ्या मशीनवर ११ बसणार नाही, तेव्हा जुन्या फॉन्टच्या कामासाठी ते नेटशिवाय वापरा आणि मेल-बिल दुसऱ्यावर बघा, हेही सांगितलंत. तसंच करतेय. यूपीएसला नवी बॅटरी घातली. दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर प्रत घेते, आणि घेतल्यावर एक तरी फाइल उघडून वाचते. फॉन्टचं फोल्डरही त्यात आहे.

तिन्ही अहवाल वेळेत छापायला गेले. आजोबांच्या आठवणींच्या आम्ही दहा प्रती काढून बाइंडिंग केल्या. आजोबांना सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी एका प्रतीवर थरथरत्या हातानं सही करून ती बाजूला ठेवायला लावली. ती तुमची आहे. येत्या सोमवारी दुपारी ग्रँट रोडला काम आहे, तेव्हा घेऊन येते. चहा या वेळी माझा.

तुमची,
लालबागची डीटीपीवाली ताई