आपल्या गावाचे नाव

मिसिसागा, ४ ऑक्टोबर

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

वसतिगृहात कोणी गाव विचारले तर तू ‘मिसिसागा’ न सांगता सरळ शेजारचे ‘टोरंटो’ सांगतोस, असे परवा फोनवर म्हणालास. ते मनात राहिले, म्हणून हे पत्र.

आजचे टोरंटो शहर १८३४ पर्यंत यॉर्क म्हणून ओळखले जाई आणि त्या काळी ‘टोरंटो टाउनशिप’ (टाउनशिप म्हणजे ग्रामीण प्रशासकीय विभाग) म्हणत ते आपल्याच भागाला. ही टाउनशिप १८०५ च्या करारातून निघाली. ऑन्टारिओ सरोवराकाठची जमीन ब्रिटिश सरकारकडे गेली, तरी क्रेडिट नदीच्या दोन्ही तीरांवरचा एकेक मैलाचा पट्टा इथल्या मूळ रहिवासी मिसिसागा लोकांनी स्वतःकडे राखला, कारण तिथल्या मासेमारीवर त्यांचे घर चालत असे. व्यापारी त्यांना उधारीवर माल देत आणि पुढच्या वसंतात ते कातडी आणून हिशेब चुकता करीत. त्या विश्वासाच्या व्यवहारावरून नदीला ‘क्रेडिट’ हे नाव पडले. पुढे १८२० च्या करारांत ते पट्टेही गेले आणि उरली अवघी २०० एकर जमीन.

या काळातला पीटर जोन्स तू लक्षात ठेवावास, असे मला फार वाटते. त्याचे वडील सरकारी भूमापक, आई मिसिसागा. १८२६ मध्ये नदीकाठी उभ्या राहिलेल्या मिसिसागांच्या ख्रिस्ती मिशनच्या वस्तीसाठी त्याने १८३८ मध्ये लंडनला जाऊन व्हिक्टोरिया राणीपुढे जमिनीच्या मालकीपत्राची, म्हणजे आपल्या भाषेत सातबारा नावावर करून देण्याची, मागणी केली. कागद मिळाला नाही. १८४७ मध्ये ही माणसे हॅगर्सव्हिलजवळ, ‘सिक्स नेशन्स’ या सहा मूळ रहिवासी जमातींच्या संघाने देऊ केलेल्या जमिनीवर राहायला गेली. त्यांची वस्ती होती तिथे आज गोल्फचे मैदान आहे.

नंतर १९६८ मध्ये टाउनशिपचे नगर झाले, तेव्हा लोकांनी ‘शेरिडन’ऐवजी ‘मिसिसागा’ला मते दिली, १९७४ मध्ये पोर्ट क्रेडिट आणि स्ट्रीट्सव्हिल ही शेजारची गावे सामील होऊन शहर झाले. आज इथे सात लाखांहून अधिक माणसे राहतात.

तू आठ वर्षांचा असताना आपण स्ट्रीट्सव्हिलच्या बंधाऱ्याशी उभे होतो. शेपटी झिजून पांढरी पडलेला एक सॅमन चौथ्यांदा उडी चुकून मागे पडला, तेव्हा तू माझे बोट घट्ट धरले होतेस. थँक्सगिव्हिंगला आलास की तिथेच जाऊ. मासे अजून वर चढत असतील.

तुझा,
बाबा