निर्णय फिरवू शकणारा माणूस कुठे बसतो?

संपादक महोदय,

आरोग्य, संशोधन आणि समाजकल्याण या क्षेत्रांचा कारभार कसा सुधारावा, यावरचा कालच्या अंकातला पानभर लेख वाचला. लेखकांचा अभ्यास दांडगा आहे, त्याबद्दल आदर आहे. पण समित्या, निर्देशांक, डॅशबोर्ड, त्रयस्थ लेखापरीक्षण हे सगळे सविस्तर मांडताना, चुकीचा निर्णय ज्याच्या माथी बसतो त्याने दाद कुणाकडे मागायची, यावर त्यांनी काहीच लिहिलेले नाही. शेवटच्या चौकटीत ‘तक्रार निवारण यंत्रणा सक्षम करावी’ असे एक वाक्य आहे. असे वाक्य प्रत्येक अहवालात असते, त्यामुळे ते मी धरत नाही.

लेखात ‘स्वयंचलित पडताळणी’चे कौतुक आहे, ते वाचून मला रात्री झोप लागली नाही. माझी आत्या बरीच वर्षे चाकाच्या खुर्चीत आहे. तिला मिळणारा अपंगत्वाचा भत्ता एका महिन्यात जमाच झाला नाही. पाठोपाठ पत्र आले: नोंदींत तफावत आढळल्याने भत्ता थांबवला आहे आणि आधी दिलेली रक्कम वसूल का करू नये, याचा खुलासा मुदतीत करावा. तफावत कोणती, ते पत्रात नव्हते. आम्ही कार्यालयात गेलो. खिडकीमागची मुलगी सभ्य होती. तिने संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवून आत्याच्या नावापुढची लाल खूण दाखवली. म्हणाली, “मला हे दिसतं, पण बदलता येत नाही.” बदलता कुणाला येते? वरच्या विभागाला. वरच्या विभागात गेलो तर उत्तर मिळाले की नोंद खालून येते, आम्ही फक्त मंजुरी देतो. खुलासा द्यायचा तो कुणाकडे, तर ज्या शाखेने भत्ता थांबवला तिच्याकडेच!

आत्याने उभी नोकरी हिशेब तपासण्यात घालवली. कुणाचा पैसाही इकडचा तिकडे होऊ दिला नाही. त्या पत्रानंतर तिला आपण चोरी करताना पकडले गेलो आहोत असे वाटू लागले. शेजारणींकडे जाणे तिने बंद केले. आपल्याला अजूनही चालता येत नाही, हे तिने नव्याने सिद्ध करायचे होते. त्यासाठी तिला उचलून तपासणीला न्यावे लागले. काही महिन्यांनी भत्ता पुन्हा सुरू झाला. कारण कळवले नाही, दिलगिरी नाही, आमच्या अर्जाला लेखी उत्तरही नाही. दोन ठिकाणच्या नोंदींत तिची जन्मतारीख वेगवेगळी होती, एवढे एका कारकुनाने तोंडी सांगितले. लेखी द्यायला तो घाबरत होता.

खोटे दावे होतात आणि ते शोधलेच पाहिजेत, हे मला मान्य आहे. पण ऑस्ट्रेलियात ‘रोबोडेट’ने, म्हणजे भत्त्यांची वसुली संगणकावर सोपवणाऱ्या सरकारी योजनेने, काय झाले, हे लेखकांना ठाऊक नसेल असे मी मानत नाही. तिथला भत्ता पंधरवड्याच्या कमाईवर ठरतो. यंत्रणेने प्राप्तिकर खात्याकडचे वर्षाचे उत्पन्न घेतले आणि २६ पंधरवड्यांत सारखे वाटून टाकले. जो सहा महिने कामावर आणि सहा महिने बेकार होता, तो वर्षभर कमावत होता असे दिसले आणि त्याच्या नावावर कर्ज चढले. चूक नसल्याचे सिद्ध त्यानेच करायचे, जुन्या पगारपावत्या शोधून! ही पद्धत कायद्यात बसत नाही, असे निकाल सरकारी निर्णयांवरची अपिले ऐकणाऱ्या लवादाच्या सदस्यांनी २०१७ मध्येच दिले होते. भत्ता देणाऱ्या खात्याने त्यांवर अपील केले नाही. ते निकाल प्रसिद्ध झाले नाहीत आणि योजना तशीच चालू राहिली. पैसे परत करण्याची घोषणा व्हायला २०२० उजाडले आणि चौकशी आयोगाचा अहवाल आला २०२३ च्या जुलैमध्ये. दरम्यान ४ लाखांहून अधिक लोकांच्या दारात वसुलीची पत्रे पोचली होती. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या अशाच प्रकरणात हजारो पालक कर्जात बुडाले आणि जानेवारी २०२१ मध्ये सरकारला राजीनामा द्यावा लागला. या दोन्ही देशांत नियम, लेखापरीक्षण, संगणक यांची वानवा नव्हती.

रुग्णालयांच्या मानांकनाबद्दल थोडेच लिहिते. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डच्या रुग्णालयात रुग्णांची भयानक आबाळ चालू होती, त्याच काळात, २००८ मध्ये, ते चालवणाऱ्या संस्थेला अधिक स्वायत्ततेचा दर्जा बहाल झाला. आईला तिथे गमावलेल्या ज्युली बेली यांनी इतर नातेवाइकांना जमवून आवाज उठवला, तेव्हा चौकशीची चाके फिरली. २०१३ च्या अहवालात २९० शिफारशी आहेत. त्या बाईंचे आधी कुणी ऐकले असते तर?

आणि संशोधन. ‘नैतिकता समिती असली की प्रश्न मिटतो’ असा लेखाचा सूर आहे. अमेरिकेत सरकारी आरोग्य सेवेने चालवलेल्या टस्कीगीच्या अभ्यासात सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना १९३२ पासून ४० वर्षे उपचाराविना नुसते न्याहाळले गेले. पेनिसिलीन हाताशी आल्यावरही. त्याच आरोग्य सेवेतले पीटर बक्सटन १९६६ पासून वरिष्ठांना लिहीत होते. १९६९ मध्ये त्यावर तज्ज्ञांची समिती बसली आणि तिने अभ्यास चालू ठेवण्याचा निर्णय दिला! तो बंद पडला १९७२ मध्ये, वर्तमानपत्रांत बातमी आल्यावर. म्हणून तर मी तुम्हाला लिहिते आहे.

माझे मागणे मोठे नाही. भत्ता थांबवणाऱ्या पत्रावर निर्णय घेणाऱ्याचे नाव आणि नेमके कारण असावे. अपिलाचा निकाल लागेपर्यंत भत्ता थांबू नये, वसुली तर मुळीच नाही. अपील ऐकणारा त्या शाखेच्या बाहेरचा असावा. आणि प्रत्येक कार्यालयात, माणूस समोर बसलेला असताना ती लाल खूण तात्पुरती तरी काढण्याचा अधिकार कुणाला तरी असावा. त्या खिडकीतल्या मुलीला दिला तरी चालेल. तिला आत्या दिसत होती.

तुमच्याबद्दलही एक तक्रार आहे. कालच्या पानावर तज्ज्ञ, माजी अधिकारी, सल्लागार असे सगळे बोलले आहेत. भत्ता घेणारा एकही माणूस नाही, एक रुग्ण नाही, प्रयोगासाठी सही केलेले कुणी नाही. लेखमालेचा पुढचा भाग येणार असेल तर त्यांना बोलवा. आत्या बोलायला तयार आहे, मी विचारले आहे. शिवाय गेल्या खेपेला माझे पत्र छापताना नेमका अनुभवाचा परिच्छेद गाळला होता. या वेळी जागा कमी पडली तर ऑस्ट्रेलिया गाळा, आत्याचे ठेवा.

आपली नियमित वाचक